ब्रेक दाबला की ‘टक्’!

गाडी घेऊन जेमतेम बारा दिवस झाले होते. बॉनेटवरच्या हळदीकुंकवाचे डागही अजून पुरते गेले नव्हते. सकाळी शाळेच्या फाटकाशी, गतिरोधकाच्या अलीकडे ब्रेक दाबला आणि डावीकडून कुठून तरी आवाज आला. ‘टक्’. एकदाच. डब्याचं झाकण बसताना येतो ना, तेवढाच. मी थांबले, मागं पाहिलं, पुढं पाहिलं. मागच्या सीटवर बसलेल्या मुली आपापल्या वह्यांमध्ये. मला वाटलं, कुणाच्या तरी पाण्याच्या बाटलीचा असेल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘टक्’. आणि त्या दिवशी बाटली नव्हती.

मैत्रिणींनो, ही गाडी माझी आहे. म्हणजे घरातली आहेच, पण कर्ज माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून. वाईत राहते आणि पाचगणीला शिकवते. मध्ये पसरणीचा घाट. बारा वर्षं एसटीनं आणि वडापनं तो घाट चढले-उतरले. पावसाळ्यात धुकं उतरलं की एसटी कधी येईल याचा नेम नाही, आणि वडापमध्ये कुणाच्या मांडीवर कुणाची पिशवी याचाही नाही. म्हणून पन्नाशीच्या तोंडावर ड्रायव्हिंग शिकले, आणि गाडी घेतली. जाता-येता गल्लीतल्या चार मुलीही माझ्याबरोबर असतात. त्यांच्या आया सकाळी दारात उभं राहून हात करतात, तेव्हा त्या चौघींची जबाबदारी माझ्यावर असते. हे सगळं सांगितलं, कारण घाटात ब्रेकचा आवाज आणि सपाटीवर ब्रेकचा आवाज यांत फार फरक असतो!

घरी सांगितलं. आमचे हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, “नवी गाडी आहे, बसेल हळूहळू.” काय बसेल, कुठे बसेल, ते काही सांगितलं नाही. दिरांनी चक्कर मारून पाहिली, त्यांच्यासमोर गाडी अगदी शहाण्यासारखी वागली. (लेकरू डॉक्टरपुढे खोकत नाही, तसंच!) शेजारच्या काकांचा सल्ला सगळ्यांत भारी होता. म्हणाले, “काचा लावून गाणी लावत जा, कुठला आवाज येतोय?” आणि सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्यात माझा मलाच राग आला होता.

आपण बायका दिवसभर आवाजांवर तर घर चालवतो. कुकरची शिट्टी नीट आली की दबकी, मिक्सरचं भांडं बसलंय की नाही, शिवणयंत्राची सुई वाकली की कापड अडकलं, रात्री दोन वाजता बाळ रडलं तर भुकेनं की पोटात दुखून… सगळं कानानं. तेव्हा कुणी म्हणत नाही की तुला उगाच वाटतंय. मग चार चाकं लागली की आमचा कान एकदम बिनकामाचा कसा होतो?

पण थांबा. मी म्हणजे शहाणी आणि बाकी सगळे मूर्ख, अशी ही गोष्ट नाही. पुढं ऐका.

हजार किलोमीटर किंवा एक महिना झाला, की पहिली फुकट सर्व्हिसिंग असते. साताऱ्याला गेले. तिथल्या सुपरवायझर मुलाला आवाजाचं सांगितलं. त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, “साहेब नाही आले?” मी म्हटलं, “साहेब मीच.” तो हसला. “मॅडम, ब्रेक पॅड नवे आहेत. साफ करून देतो, आवाज जाईल.” संध्याकाळी गाडी मिळाली, धुऊनपुसून. कागदावर ‘जनरल चेकअप’ एवढंच. मला मात्र वाटलं, चला, ऐकलं तरी माझं!

आणि दुसऱ्या दिवसापासून आवाज वाढला.

आता ही खरी गोम. सर्व्हिसिंगच्या आधी ‘टक्’ दिवसातून एक-दोनदा यायचा. आता दर ब्रेकला. शिवाय खडीच्या रस्त्यावर, ब्रेक न दाबतासुद्धा, डाव्या चाकातून खडखड. मला कळत होतं की काहीतरी बिनसलंय. तरीही मी आठ दिवस काही केलं नाही. का? तर लाज वाटली म्हणून. “पुन्हा आल्या बाई आवाज घेऊन,” असं ते म्हणतील म्हणून. आठ दिवस मी त्या गाडीतून चार पोरींना घाटातून वर नेलं आणि खाली आणलं. आज लिहितानाही हे वाक्य मला जड जातंय.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनं गॅरेज आहे. मामा आता गाड्यांना फारसा हात लावत नाहीत, मुलगा बघतो. पण बाहेरच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीचं दुखणं ओळखतात. त्यांच्यापाशी थांबले. मला वाटलं, आता हे जॅक लावणार. त्यांनी हातही लावला नाही. म्हणाले, “ताई, वॉरंटीतली गाडी हाय, मी उघडली तर ते माझ्यावर ढकलतील. तुम्ही तर मास्तरीण. आवाज कधी येतो आणि कधी येत न्हाई, ते चार दिवस लिहून काढा. निम्मं दुखणं तिथंच घावतंय.”

मग मी हजेरीच्या डायरीच्या मागच्या पानावर लिहायला घेतलं. मामांनी विचारायचे प्रश्नही सांगितले होते. सकाळी पहिल्यांदा येतो की दिवसभर? गाडी रात्रभर पावसात होती का? पुढं जाताना येतो की मागं घेताना, की मागं घेऊन पुढं निघाल्यावर? ब्रेक दाबला की सुरू होतो, की ब्रेक दाबला की बंद होतो? (हा प्रश्न मला कधी सुचलाच नसता, आणि सगळ्यांत महत्त्वाचा तोच निघाला.) पायाला काही जाणवतं का, स्टिअरिंग थरथरतं का, गाडी एका बाजूला ओढते का? वळणावर वाढतो का?

चार दिवसांत कळलं की मी ज्याला ‘आवाज’ म्हणत होते, ते एक नव्हतंच. तीन वेगवेगळे आवाज होते!

ते समजायला ब्रेक कसा लागतो ते थोडं माहीत हवं. अवघड नाही. आपण सगळ्या जणींनी सायकल चालवली आहे. सायकलचा ब्रेक दाबला की दोन रबरी ठोकळे चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी आवळतात. गाडीचंही तेच. पुढच्या चाकाच्या आत, चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. ठोकळ्यांच्या जागी दोन पॅड, आणि पॅड आवळणारी सांडशी म्हणजे कॅलिपर. पातेलं धरायची सांडशी कशी दोन्हीकडून पकडते, अगदी तशी. ही सांडशी दोन पिनांवर मागंपुढं सरकते आणि त्या पिना बोल्टांनी आवळलेल्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढं डिस्क आणि मागं ड्रम असतो. ड्रमचे ब्रेक आतल्या बाजूनं बाहेर दाबतात.

आता माझ्या डायरीतला पहिला आवाज. रात्री पाऊस, सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला ‘खर्रर्र’, मग गायब. हा गंजाचा. डिस्क बिडाची असते. बिडाचा तवा धुऊन तसाच ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो की नाही? तसाच हिच्यावर रात्रीत येतो. ब्रेक दाबला की पॅड तो खरवडून काढतात. याला घाबरायचं काही कारण नाही. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली, आणि हँडब्रेक ओढलेला असला, तर मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात आणि निघताना ‘टॉक्’ करून सुटतात, तेही याच जातीचं. म्हणून गाडी सपाटीला बरेच दिवस उभी करायची असेल, तर गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावावा, हँडब्रेक सोडून ठेवावा.

दुसरा आवाज, माझा तो मूळचा ‘टक्’. डायरीत दिसलं, की तो गाडी मागं घेतल्यानंतर पुढं निघून पहिला ब्रेक लावला की येतो. एकदाच. मी रोज अंगणातून गाडी मागं काढते, शाळेतही मागं घेऊनच लावते. पॅड आपल्या खाचेत अगदी किंचित सैल बसलेले असतात, दिशा बदलली की केसाएवढे सरकून दुसऱ्या कडेला टेकतात, त्याचा तो आवाज. मामा म्हणाले, “पुष्कळ गाड्यांला असतोय. त्यानं काय होत न्हाई.”

म्हणजे बघा, मी ज्या आवाजाची तक्रार घेऊन साताऱ्याला गेले होते, तो निरुपद्रवी होता. हे पेपरमागून म्हणाले ते अगदीच चूक नव्हतं! फक्त कारण त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

तिसरा आवाज मात्र सर्व्हिसिंगनंतरचा. दर ब्रेकला जाड ‘ठक्’, आणि खड्ड्यातून जाताना खडखड. आणि मामांच्या त्या प्रश्नाचं उत्तर: खडखड चालू असताना ब्रेकवर नुसता पाय टेकवला, तर ती थांबते. पाय उचलला की पुन्हा सुरू. मी हे वाचून दाखवलं तेव्हा मामा खुर्चीतून उठले. म्हणाले, “म्हंजे ब्रेकमधलंच कायतरी सैल हाय. दाबलं की आवळतंय म्हणून गप बसतंय. सर्व्हिसिंगला त्यांनी पॅड साफ करायला कॅलिपर उघडला असंल. ताई, उद्या घाट चढू नका.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. मुलींना एसटीनं पाठवलं. मी एकटी, सपाटीनं, सावकाश साताऱ्याला.

तोच सुपरवायझर. तोच चेहरा. “मॅडम, नव्या गाडीत थोडा आवाज असतोच.” या वेळी मी डायरीचं पान फाडून त्याच्यापुढं ठेवलं. म्हटलं, “हे जॉब कार्डावर लिहा. माझ्या शब्दांत. ‘ब्रेक नॉइज’ असं दोन शब्दांत नको.” तो म्हणाला, तेवढी जागा नसते. मी म्हटलं, मागच्या बाजूला लिहा. मागं लाइनीत उभे असलेले एक गृहस्थ च् च् करत होते. खोटं कशाला सांगू, तळहाताला घाम आला होता. वर्गात पन्नास पोरांना गप्प बसवणारी मी, तिथे आवाज चिरकत होता. पण लिहून घेतलं. मग म्हटलं, आता जो काम करणार आहे त्याला माझ्या शेजारी बसवा, गाडी मी चालवते. हेही आवश्यक असतं बरं का! आपण तक्रार सांगतो एकाला, गाडी उघडतो दुसरा. आवाज कुठल्या वेगाला, कुठल्या रस्त्याला येतो ते दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही. तो गाडी आवारात दहा फूट पुढंमागं करतो आणि लिहितो, ‘दोष आढळला नाही’.

जो मुलगा शेजारी बसला तो फार तर बाविशीचा. मागच्या गल्लीत खडीचा रस्ता होता, तिथे नेली. खडखड. ब्रेकवर पाय टेकवला, बंद. उचलला, सुरू. तो एकदम सरळ बसला. “मॅडम, गाडी हळू परत घ्या,” एवढंच म्हणाला.

चाक माझ्यासमोर काढलं. डाव्या कॅलिपरचा खालचा बोल्ट त्यानं पान्यानं नाही, बोटांनी फिरवला. फिरला. मी पाहिलं, त्यानं पाहिलं, आणि तेवढ्यात तिथे आलेल्या सुपरवायझरनंही पाहिलं. कुणीच काही बोललं नाही.

तो बोल्ट पुरता निघून पडला असता, तर कॅलिपर वरच्या पिनेभोवती उचलला जाऊन चाकाला आतून घासला असता. घाट उतरताना, डावीकडे कठड्यापलीकडे दरी, मागं चार मुली. बास. यापुढचा विचार मी तिथे केला नाही, घरी येऊन केला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या मुलानं बोल्ट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्यानं बसवला. मी न सांगता उजवं चाकही काढून तपासलं. त्याला मी मनापासून धन्यवाद दिले. त्यांचंही मी समजू शकते, एकामागून एक गाड्या, वरून घाई. पण घाईत कुणाची तरी कळशी फुटणं वेगळं आणि ब्रेकचा बोल्ट राहणं वेगळं.

नंतर बिलावर पाहते तो पुन्हा तेच, ‘जनरल चेकअप’! इथे मात्र मी अडून बसले. जे सापडलं ते लिहा: पुढच्या डाव्या कॅलिपरचा बोल्ट सैल सापडला, आवळला. “मॅडम, काम झालं ना आता?” झालं. पण उद्या तिथे पुन्हा काही निघालं तर ‘जनरल चेकअप’ या कागदाला कोण विचारतो? पाऊण तास बसले. शेवटी मॅनेजरनं लिहून, सही करून दिलं. तो कागद मी गाडीच्या कप्प्यात नाही, कपाटात ठेवलाय, दागिन्यांच्या डब्याखाली.

आपल्यापैकी कितीजणी बिल वाचतात? किराण्याचं वाचतो, दहा रुपयांची चूक पकडतो. गाडीचं मात्र सही करून पर्समध्ये! 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्यात आपल्यासारख्या लहान गावांतल्यांच्या सोयीची एक गोष्ट आली. तक्रार करायला कंपनीच्या शहरात जावं लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची. वस्तू वा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नुसतं विचारताही येतं. पण तिथे सगळ्यांत आधी कागदच मागतात. मी काही तक्रार केली नाही, तेवढी वेळ आली नाही. पण करता आली असती, याचं बळ त्या पाऊण तासात कामाला आलं.

अजून एक गंमत. गाडी माझ्या नावावर, पण घेताना फॉर्मवर मोबाइल नंबर ह्यांचा गेला होता. त्यामुळे सर्व्हिसिंगचे निरोप त्यांना, ‘आपण समाधानी आहात का’ हा फोनही त्यांनाच. पहिल्या खेपेला त्यांनी बँकेत गडबडीत असताना पाचपैकी पाच देऊन टाकले होते! आता नंबर बदलून घेतलाय. मैत्रिणींनो, आजच बघा, तुमच्या गाडीच्या, गॅसच्या, विजेच्या कागदावर नंबर कुणाचा आहे ते.

लिहायला बसले तर मुलीच्या आयांनी विचारलेलं अजून बरंच आहे. एकीनं विचारलं, जोरात ब्रेक मारला तर पायाखाली गर्रर्र झालं आणि मी घाबरून पाय काढला. बाई गं, तो एबीएस! अचानक ब्रेक मारल्यावर चाकं घसरू नयेत म्हणून ती यंत्रणा ब्रेक भराभर सोडते आणि आवळते, म्हणून पेडल थरथरतं. एप्रिल 2019 पासून नव्या कारना ते सक्तीचं आहे. तेव्हा पाय काढायचा नाही, दाबूनच धरायचा. दुसरी म्हणाली, ब्रेक लावला की बारीक ‘कुंई’ वाजतं. गाडी तीन-चार वर्षांची असेल तर पॅड झिजले असतील. पुष्कळ पॅडना एक पत्र्याची जीभ मुद्दाम ठेवलेली असते, पॅड संपत आला की ती डिस्कला घासून ओरडते. महिन्याभराच्या गाडीत पॅड संपत नाहीत, तिथे बहुधा धूळ किंवा चाकाच्या आत अडकलेला खडा निघतो. पण कर्रकर्र असा लोखंडावर लोखंडाचा आवाज, पेडल मऊ पडून खाली जाणं, गाडी एका बाजूला ओढणं, डॅशबोर्डवर लाल दिवा, यातलं एक जरी दिसलं तरी गाडी बाजूला घ्यायची आणि फोन करायचा. “घरापर्यंत तर जाऊ” म्हणायचं नाही. आणि घाट ज्या गिअरनं चढलो त्याच गिअरनं उतरायचा. न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणारे दिसतात ना, त्यांच्या मागं राहू नका, पुढं तर मुळीच नको! सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की डिस्क तापते, जळका वास येतो, आणि ऐन वेळी ब्रेक धरत नाही.

परवा रात्रभर पाऊस होता. सकाळी मुली बसल्या, मी गाडी मागं काढली, गल्लीच्या तोंडाशी ब्रेक लावला. ‘खर्रर्र’, आणि पाठोपाठ ‘टक्’. मागून धाकटी ओरडली, “बाई, आवाज!” मोठीनं तिला समजावलं, “पहिला गंजाचा, दुसरा रिव्हर्सचा. तिसरा आला तर सांग.”

खुर्चीतून मामांनी हात केला. आम्ही घाटाला लागलो.